नंबर एक विरुद्ध नंबर दोन

रोडपालीत हल्ली दोन बिल्डिंगींच्या मधे थोडीशी जागा उरली तरी तिथे लॉन होतं. जूनचे दोन-चार चांगले पाऊस पडले की त्या हिरवळीतून लव्हाळ्याचे टोकदार कोंब वर येतात. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, "तण फार झालंय, एकदाच औषध मारून टाका." तण म्हणजे नक्की काय, असं तिथे विचारलं तर लोक मलाच मारतील, म्हणून इथे लिहितोय.

१९७७ साली लेरॉय होल्म आणि सहकाऱ्यांनी जगातल्या सगळ्यात वाईट तणांवर एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात पहिला नंबर लव्हाळ्याचा : ९२ देश, ५२ पिकं. आणि दुसरा? हरळीचा! म्हणजे आपल्या दूर्वांचा. नर्सरीवाला 'बर्म्युडा' म्हणून चौरस फुटाच्या भावाने विकतो ते गवत हेच किंवा तिच्याच घराण्यातलं. देशावरच्या शेतकऱ्याला हे सांगून बघा. हरळीच्या काशा वेचण्यात तिथे पिढ्या गेल्या, आणि आपण ती पैसे मोजून लावतो. लॉनमध्ये चालते ती नंबर एक आणि नंबर दोनची मारामारी. आपण दोन नंबरच्या बाजूला उभे आहोत, एवढंच.

कातरलेल्या हिरवळीची हौस आपल्याकडे आली इंग्रजांबरोबर. १८३० मध्ये ग्लॉस्टरशायरच्या एडविन बडिंगने गवत कापायचं मशीन बनवलं. लोकरी कापडाची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र त्याने पाहिलं होतं, तेच गवतावर चालवलं. (कोड रीयूज, दुसरं काय!) पुढे अमेरिकेत लॉनच्या बियाण्यात पांढरं क्लोव्हर मुद्दाम मिसळत, कारण ते हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतं. मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधलेलं टू-फोर-डी बाजारात आलं. ते रुंद पानांच्या वनस्पती मारतं आणि गवताला सोडतं. क्लोव्हर रुंद पानाचं, तेही मेलं. मग काय, क्लोव्हरलाच तण ठरवलं. प्रोग्रॅम सुधारता येईना म्हणून स्पेसिफिकेशन बदलायचं, हे आमच्या धंद्यात नवीन नाही :)

आपल्याकडची गोष्ट निराळी. या भागात भातखाचरं होती. १९७० मध्ये सिडको आली. ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या. त्यांच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई भागात आंदोलन झालं, त्यात गोळीबारात पाच शेतकरी गेले. आपलं लॉन ज्या जमिनीवर आहे तिला एवढा इतिहास आहे. खाचरात चिखलणी करून पाणी साठवत, आणि ते तुंबलेलं पाणी लव्हाळ्याला मानवत नाही. उरलेल्या तणाची बेणणी बायका वाकून हाताने करत. आपण भराव टाकून जमीन उंच केली, बाहेरची लाल माती आणली, पाण्याचा निचरा केला, वर भरपूर ऊन. लव्हाळ्याला आणखी काय पाहिजे?

त्यातून तो महाबेरकी. जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते. टोकाची गाठ उगवते, बाकीच्या झोपलेल्या, हॉट स्टँडबाय सर्व्हरसारख्या. खुरप्याने माळ तुटली की त्याही जाग्या होतात. टू-फोर-डीने पानं जळतात, गाठी राहतात. ग्लायफोसेट मारलं तर लव्हाळ्याबरोबर लॉनही जातं. (याच वाळवलेल्या गाठी नागरमोथा म्हणून दिवाळीच्या उटण्यात असतात.)

त्यामुळे पुढच्या मीटिंगमध्ये माझं मत औषधाच्या विरोधात. पोरं त्या गवतावर अनवाणी खेळतात, आणि फवारणारा माणूस बहुतेक वेळा हातमोज्यांशिवायच येतो. त्यापेक्षा बेणणीची मजुरी बजेटमध्ये धरा. माती ओली असताना दर दोन-तीन आठवड्यांनी कोंब काढत राहिलं की गाठींमधला साठा संपत जातो, पण एका पावसाळ्यात नाही, दोन-तीन वर्षं धरा. गवत एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही, म्हणजे ते दाट राहतं. नवी माती टाकण्याआधी गाठी चाळून घ्यायच्या.

आणि गणपतीत दूर्वांची जुडी विकत कशाला आणायची? लॉनमधल्याच खुडा. फक्त औषध मारलेल्या नकोत.