दूरवैद्यकीय सेवा : भारतातील कोविडकाळ

रुग्ण एका गावी आणि डॉक्टर दुसऱ्या, अशा स्थितीत फोन, व्हिडिओ कॉल किंवा लेखी संदेशांतून दिलेला सल्ला व औषधयोजना म्हणजे दूरवैद्यकीय सेवा किंवा टेलिमेडिसिन. भारतात तिचे प्रयोग जुने आहेत. इस्रोने २००१ मध्ये आंध्र प्रदेशातील अरगोंडा येथील रुग्णालय उपग्रहाद्वारे चेन्नईतील तज्ज्ञांशी जोडले होते. पण नियमांची स्पष्ट चौकट नसल्याने डॉक्टर कचरत. रत्नागिरीत डॉक्टर गैरहजर असताना फोनवरून औषधे सांगितली गेली आणि रुग्ण महिला दगावली. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर फोनवर काही सांगण्याची धास्ती आणखी वाढली.

२५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली आणि त्याच तारखेला केंद्र सरकारची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे आली. नोंदणीकृत डॉक्टरला दुरून सल्ला देण्याची मुभा त्यांनी दिली आणि औषधांच्या याद्या ठरवून दिल्या. ताप-खोकल्याची साधी औषधे कोणत्याही माध्यमातून सुचवता येतात. काही औषधे पहिल्या खेपेला लिहून द्यायची तर रुग्णाला व्हिडिओवर पाहावे लागते. अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधे दुरून लिहून देता येत नाहीत. सल्ला दुरून दिला म्हणून जबाबदारी कमी होत नाही, हेही त्यांत स्पष्ट आहे. डॉक्टरांना धीर देणारी आणि रुग्णाला जपणारी अशी ही दुहेरी तरतूद होती, म्हणूनच ती टिकली.

बाह्यरुग्ण विभाग बंद पडत असताना १३ एप्रिल २०२० रोजी ई-संजीवनी ओपीडी ही केंद्र सरकारची दूरवैद्यकीय सेवा सुरू झाली. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने ती विकसित केली. मोबाइल क्रमांक नोंदवायचा, ओटीपी टाकायचा, टोकन घ्यायचे, नंबर लागला की व्हिडिओवर डॉक्टर दिसत. शेवटी चिठ्ठी फोनवरच येई. सेवा मोफत होती. मधुमेह, रक्तदाब, त्वचारोग, मानसिक ताण यांच्या रुग्णांना तिने संसर्गाच्या गर्दीपासून दूर ठेवले.

कोविडच्या घरी विलग असलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्याचे कामही दुरूनच झाले. बोटाला ऑक्सिमीटर लावून घरातला माणूस आकडा वाचून दाखवी. सहा मिनिटे खोलीत चालायला लावून पुन्हा मोजत. ऑक्सिजन ९४च्या खाली गेला तर रुग्णालय गाठायला सांगत. एक वाक्य बोलतानाही रुग्णाला धाप लागते का, हे अनुभवी डॉक्टर कान देऊन ऐकत. छातीवर स्टेथोस्कोप ठेवणे, पोट दाबून पाहणे मात्र पडद्यावर शक्य नव्हते, आणि दुसऱ्या लाटेत खाट व ऑक्सिजनच मिळेना तेव्हा उत्तम सल्लाही अपुरा पडला.

मोठी अडचण फोनचीच होती. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल सुमारे ५४ टक्के महिलांकडे होता आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या महिला तर केवळ ३३ टक्के होत्या. टोकन घ्यायलाच ज्या बाईला कुणाची तरी मिनतवारी करावी लागे, तिच्यासाठी ही ओपीडी खुली असूनही बंदच होती.

यावरचा उपाय ई-संजीवनीच्या जुन्या शाखेत होता. नोव्हेंबर २०१९ पासूनच उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून मोठ्या केंद्रातील डॉक्टरशी बोलणे करून देत. रक्तदाब मोजणे, लक्षणे नेमक्या शब्दांत सांगणे, चिठ्ठी समजावणे, हाताशी असलेले औषध देणे ही कामे तेच करत. दूरवैद्यकीय सेवेचे खरे बळ पडद्याइतकेच रुग्णाजवळच्या या प्रशिक्षित माणसात आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-संजीवनीच्या एकूण सल्ल्यांनी १० कोटींचा टप्पा ओलांडला, त्यांतील बहुतांश सल्ले अशाच आरोग्य केंद्रांतून झाले होते.