आधी माशी, मागाहून फेक

कृत्रिम माशीने ट्राउट मासा गरवायला शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी बहुधा नदीवर नेत नाहीत. त्याला हिरवळीवर उभे करतात, हाती नऊ फुटी काठी देतात, दोराच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा झुपका बांधतात आणि बाजूला घड्याळाची मोठी तबकडी आहे असे समजायला सांगतात. काठी मागे नेली की दोनच्या आकड्यापाशी थांबवायची, दोर पाठीमागे पुरता उलगडू द्यायचा, मग पुढे आणून दहापाशी थांबवायची. यामागचे गणित सोपे आहे. पिसांच्या माशीला म्हणावे असे वजन नसते, तेव्हा ती खड्यासारखी भिरकावता येत नाही. भिरकावायचा तो दोर. माशी त्याच्यामागून नुसती ओढली जाते. नवशिक्याच्या काठीवर सहसा पाच नंबरचा दोर असतो. ठरलेल्या मापानुसार त्याच्या पहिल्या तीस फुटांचे वजन नऊ ग्रॅमच्या आसपास भरते आणि काठी वाकवायला तेवढे पुरते. ही फेक साधली की विद्या साधली अशी समजूत शिकणाऱ्यात असते, शिकवणाऱ्यातही असते. पण या विद्येची कुळी तपासली तर क्रम उलटा दिसतो. जी फेक आज पहिला धडा म्हणून गिरवतात ती या घराण्यातली सर्वांत धाकटी. ती एकोणिसाव्या शतकात आली, आणि तिला आणले ते रेशमाने, बांबूने आणि पाण्यावर तरंगणाऱ्या माशीने.

सर्वांत जुना सविस्तर दाखला इ.स. २०० च्या सुमाराचा आहे. एलियानस हा रोमन लेखक. प्राण्यांच्या स्वभावावर त्याने ग्रीकमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. मॅसिडोनियात बेरिया आणि थेस्सलोनिकी यांच्या दरम्यान वाहणाऱ्या आस्ट्रायस नदीतले ठिपकेदार मासे पाण्यावर बसणारा एक कीटक टिपून खातात, असे तो त्यात सांगतो. रंगाने तो कीटक गांधीलमाशीसारखा, गुणगुणतो मधमाशीसारखा. कोळी तो कीटक आमिष म्हणून वापरत नाहीत, कारण माणसाचा हात लागला की त्याचा रंग उडतो, पंख चुरगळतात, आणि मग मासा त्याला तोंड लावत नाही. म्हणून ते गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळतात आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बसवतात. काठी सहा फूट, दोरही सहा फूट. इतक्या तोकड्या सरंजामात मागे उलगडणाऱ्या दोराला जागाच नाही. काठी पुढे केली, माशी पाण्यावर टेकवली, झाले.

एलियानसवर कितपत विसंबायचे, असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. हा गृहस्थ इटलीबाहेर कधी पडलाच नाही असे सांगतात. म्हणजे जे लिहिले ते ऐकीव. पण ऐकीव गोष्टीत सहसा चमत्कार असतो, कारण नसते. इथे कारण आहे, आणि ते कामकऱ्याचे आहे: खरे आमिष गळावर टिकत नाही, म्हणून खोटे घडवा. दोरा-पिसांची ही कसरत कोणाला का सुचली याचे याहून चांगले उत्तर मला तरी दिसत नाही. आपल्याकडची तुलना इथे उपयोगी पडते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. गळाने मासे धरणे हा राजाचा करमणुकीचा खेळ म्हणून तिथे मांडला आहे, माशांचे प्रकार दिले आहेत, कोणाला काय चारायचे तेही सांगितले आहे. सगळा भर मात्र चाऱ्यावर. दख्खनच्या नद्यांत ट्राउट नाही. इथले पुष्कळ मासे कणकेच्या वा भाताच्या गोळ्यावर येतात, आणि गोळा गळावर नीट बसतो. जिथे अडचणच नव्हती तिथे पिसांची माशी कशाला जन्मेल?

इंग्लंडमध्ये १४९६ साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाच्या मासेमारीवरचा एक निबंध छापला. ज्युलियाना बर्नर्स नावाच्या मठवासिनीच्या नावावर तो सांगतात, पण त्याला भक्कम आधार नाही. त्यात मार्च ते ऑगस्ट अशा महिन्यांच्या क्रमाने बारा माश्या दिल्या आहेत, त्यांची लोकर कोणती आणि पंख कोणत्या पक्ष्याचे यांसह. दोर घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. तो कसा वळायचा, कशात रंगवायचा, कोणत्या माशाला किती केसांचा लागतो हे लेखक बारकाईने सांगतो. १६७६ मध्ये चार्ल्स कॉटनने आयझॅक वॉल्टनच्या ‘द कम्प्लीट अँगलर’ला जोड म्हणून डर्बीशायरच्या स्वच्छ नद्यांवरचा भाग लिहिला. तोवर माश्यांची संख्या साठावर गेली होती. ज्ञान वाढले ते किड्यांचे, महिन्यांचे, रंगांचे. फेकीवर त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले.

आता खरा अडचणीचा आक्षेप. ट्राउट धरायचा तर दोर बारीक हवा आणि आपण लांब हवे, हा कॉटनचाच मुख्य नियम. मग फेक जुनी नाही कशी? जुनी आहेच, पण वेगळी. कॉटनची काठी पंधरा ते अठरा फुटांची आणि दोर तिच्या शेंड्यालाच बांधलेला, काठीहून चार-सहा फूट लांब. त्याचे ‘लांब’ मुख्यतः काठीच्या लांबीतून येते. केसांचा दोर हलका, वाऱ्यावर जाणारा. टोकाला तर दोनच केस. काठी वाकवण्याइतके वजन त्यात नाही, आणि बांधलेला असल्यामुळे सोडता-ओढताही येत नाही. रीळ त्याच्या आधी इंग्लंडात पोचले होते. थॉमस बार्करने १६५१ मध्ये त्याचा उल्लेख केला आहे. चीनमध्ये तर मा युआन या चित्रकाराने त्याच्या साडेचारशे वर्षे आधी ते रंगवून ठेवले आहे. तरी ट्राउटवाल्यांनी रिळाची घाई केली नाही. बांधलेल्या दोराने काम भागत होते.

भागेनासे झाले एकोणिसाव्या शतकात. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिप हा बंदुका बनवणारा कारागीर होता. १८४० च्या दशकात तो बांबूच्या चिरफळ्या तासून, सरसाने चिकटवून काठ्या बनवू लागला. पुढे मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने सहा चिरफळ्यांच्या षटकोनी काठीचा कारखानाच काढला. या पहिल्या काठ्यांचा बांबू बहुतेक हिंदुस्थानातला. व्यापारात त्याला ‘कलकत्ता’ म्हणत. चीनच्या तोंकिन बांबूने त्याला नंतर मागे टाकले. अशी काठी आखूड असूनही चिवट आणि झटकन सरळ होणारी. तिच्या जोडीला तेल पाजलेला, विणलेला रेशमी दोर आला. तो केसांच्या दोराहून जड, दोन्ही टोकांना निमुळता आणि रिळावरून हवा तेवढा सुटणारा. वजन अखेर दोरात आले. आणि त्याच सुमारास दक्षिण इंग्लंडच्या टेस्ट आणि इचेन या चुनखडीच्या झऱ्यांवर वाहणाऱ्या संथ, काचेसारख्या नद्यांवर तरंगत्या माशीचे वेड सुरू झाले. फ्रेडरिक हॅल्फर्डने १८८६ आणि १८८९ मध्ये त्यावर दोन ग्रंथ लिहिले. तरंगती माशी एकदा वापरली की भिजते आणि बुडू लागते. ती झटकून वाळवायची तर पाण्याला न टेकवता दोर हवेत दोन-तीनदा पुढेमागे न्यायचा. नवशिक्या हिरवळीवर जे हेलकावे घोटतो ते मुख्यतः या कपडे झटकण्याच्या जातीच्या कामामुळे रूढ झाले. बुडती माशी वापरणाऱ्याला ते बहुतेक वेळा नकोच असतात. उलट वर नाचणारा दोर पाहून मासा बिथरतो.

हेलकावे उशिरा आले म्हणून कमी दर्जाचे का, असे कोणी विचारील. मुळीच नाही. रुंद नदीत, समुद्रकाठच्या उथळ पाण्यात बोनफिशसारख्या माशामागे जाताना साठ फुटांवर माशी टाकता आली नाही तर घरी बसावे. म्हणणे एवढेच की ही विशिष्ट पाण्याची गरज आहे, विद्येचा पाया नाही. याला पुरावा जिवंत आहे. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर पोटासाठी मासे धरणाऱ्यांनी बांधलेल्या दोराची तेंकारा पद्धत विसाव्या शतकातही चालू ठेवली. इटलीत सेझिया नदीच्या खोऱ्यातही लांब काठी आणि घोड्याच्या केसांचा दोर टिकून राहिला. रीळ नाही, हेलकावे जवळजवळ नाहीत, आणि मासे मिळतात. २००९ मध्ये तेंकाराच्या काठ्या अमेरिकेत विकायला आल्या तेव्हा जुन्या मंडळींनी हे खरे माशीने गरवणे नव्हेच, असे म्हटले. म्हणणारे हॅल्फर्डचे वारस. कॉटनला मात्र त्या काठ्या हाती घेताच ओळखू आल्या असत्या. तेंकारातही फेक असतेच, हे खरे. पण ती मनगटाची, वीस-पंचवीस फुटांची, आणि नवख्यालाही थोड्या वेळात येण्याजोगी.

मग पहिला धडा फेकीचाच का राहिला? माझ्या मते कारण शिकवणीच्या सोयीत आहे. फेक नदीपासून तोडून शिकवता येते, मोजता येते, तिच्या स्पर्धा लावता येतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये खास फेकीसाठी बांधलेली सिमेंटची तळी आहेत आणि त्यांत मासे नाहीत. नॉर्मन मॅक्लीन या लेखकाच्या, याच विद्येभोवती फिरणाऱ्या कादंबरिकेवरचा चित्रपट १९९२ साली आला, त्यातही पडद्यावर उजळून दिसतो तो उन्हात उलगडणारा दोर. किड्यांचे ज्ञान असे सुटे करता येत नाही. मेफ्लाय हा कीटक बहुतेक आयुष्य, कधी वर्ष तर कधी दोन वर्षे, दगडाखाली पाण्यात काढतो आणि वर येऊन जेमतेम दिवसभर उडतो. ट्राउटचे बरेचसे खाणे पाण्याखालीच चालते, हे जी. ई. एम. स्क्यूजला १९१० मध्ये पुस्तक लिहून हॅल्फर्डच्या अनुयायांना पटवून द्यावे लागले. कोणता किडा कधी वर येतो हे कळायला एकाच ओढ्यावर काही मोसम जावे लागतात. तासाभराच्या शिकवणीत यातले काय दाखवणार? तेवढ्या वेळात दोर मात्र सरळ पडू लागतो.