शिपायाचे वेतन आणि नागरिकांची पट्टी



भाषेचा अध्यापक इतिहासाकडे वळला, की त्याचे लक्ष प्रथम शब्दाकडे जाते. फारसीतून आलेला 'शिपाई' हा शब्द आपण तिघांना लावतो : रणांगणावरील सैनिकाला, चौकीवरील पोलिसाला आणि शाळेत घंटा वाजविणाऱ्या सेवकाला. पोलिसाचे वेतन किती असावे, त्याला संघटना करू द्यावी काय आणि त्याचा खर्च कोणाच्या करातून भागवावा, या जुन्या वादातील घोटाळा मला या एका शब्दात साठलेला दिसतो. सैनिक मानले, तर त्याने हक्काची भाषा बोलू नये. सेवक मानले, तर मिळेल त्यात समाधान मानावे. तो वेतनावर राबणारा, घरसंसार असलेला कामगारही आहे, हे आपल्याला फार उशिरा सुचले.

प्रथम कराची बाजू पाहू. १८८८ च्या कायद्यानुसार चालणाऱ्या मुंबई महापालिकेवर शहर पोलिसांच्या खर्चाचा भार होता. पोलीस आयुक्त मात्र सरकार नेमीत असे. ज्या दलावर नागरिकांच्या प्रतिनिधींचा अधिकार नाही, त्याचा खर्च नागरिकांच्या पट्टीतून का द्यावा, हा फिरोजशहा मेहतांचा सवाल होता. या वादाचा निकाल १९०७ च्या कायद्याने लागला. पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षण, वैद्यकीय साहाय्य व देवी टोचण्याचे काम महापालिकेकडे आले. शाळा आणि चौकी एका ताजव्याच्या दोन पारड्यांत बसल्या, असा हा प्रसंग आहे. शाळेच्या व्यासपीठावरून त्याचे स्मरण करणे मला उचित वाटते.

या तडजोडीच्या दहा वर्षे आधी त्याच मुंबई इलाख्यात पोलीस-खर्चाचे दुसरे रूप दिसले होते. १८९७ मध्ये रँडच्या वधानंतर पुण्यात जादा पोलीस बसविण्यात आले आणि त्यांचा खर्च शिक्षा म्हणून रहिवाशांवर लादण्यात आला. आपला बेळगाव जिल्हाही १९५६ पर्यंत मुंबईच्याच कारभाराखाली होता. पोलिसासाठी द्यावयाच्या पैशाकडे लोक साशंकतेने का पाहत, याचे एक कारण या इतिहासात आहे. जो बंदोबस्त आपल्या रक्षणासाठी नसून आपल्यावर नजर ठेवण्यासाठी आहे, त्याचा खर्च आनंदाने कोण देईल?

मात्र मुंबईच्या त्या वादात दोनच पक्ष होते. एक खर्च देणारा, दुसरा हुकूम करणारा. ज्याच्या पगाराचा हिशेब चालला होता, तो शिपाई त्यात कोठेच नव्हता.

खर्च एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा, ही मांडणी अमेरिकेतील बॉस्टन शहरातही होती. तेथील पोलिसांचे वेतन शहर देई. पोलीस आयुक्त मात्र १८८५ पासून राज्याचा गव्हर्नर नेमीत असे. महायुद्धामुळे महागाई भडकलेली, कामाचे तास प्रदीर्घ आणि गणवेशही स्वखर्चाने घ्यावयाचा, अशी शिपायांची स्थिती होती. १९१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी अमेरिकेतील मजूर महासंघाशी संलग्न अशी संघटना स्थापन केली. आयुक्त कर्टिस यांनी तिच्या पुढाऱ्यांना निलंबित केले. नागरिकांच्या समितीने सुचविलेली तडजोडही त्यांनी मानली नाही. ९ सप्टेंबर रोजी १,५४४ शिपायांपैकी १,११७ जण संपावर गेले. दुकाने लुटली गेली, माणसे मेली, राज्याचे सैन्य रस्त्यावर आले. सार्वजनिक सुरक्षिततेविरुद्ध संप करण्याचा हक्क कोणालाच नाही, अशी भूमिका घेणारे गव्हर्नर कूलिज पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. संपकऱ्यांना पुन्हा कामावर घेतले नाही. त्यांच्या जागी जे भरती झाले, त्यांना मात्र वाढीव वेतन आणि सरकारी खर्चाने गणवेश मिळाला. ज्यांनी मागितले ते गेले. ज्यांनी मागितले नव्हते त्यांच्या पदरात पडले. मागणी रास्त होती, याची याहून स्पष्ट कबुली कोणती असू शकेल?

आपल्याकडे राज्यघटनेच्या तेहतिसाव्या अनुच्छेदाने सुव्यवस्था राखणाऱ्या दलांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला. १९६६ च्या कायद्याने परवानगीवाचून कामगार संघटनेत जाण्यास पोलिसांना मनाई झाली. १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने फेब्रुवारी १९७९ मधील आपल्या पहिल्याच अहवालात शिपायांचे वेतन, निवास आणि गाऱ्हाणी यांचा विचार केला. तरी त्याच वर्षी पंजाबात असंतोष उफाळला आणि इतर राज्यांत पसरला. १८ ऑगस्ट १९८२ रोजी, गिरणी संप चालू असतानाच, मुंबईचे पोलीस रस्त्यावर आले. सरकारने त्यांच्या संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना अटक केली आणि शहरात सैन्य आणले.

पोलिसांनी संप करावा, असे मी म्हणणार नाही. चौकी ओस पडली, की श्रीमंत आपला पहारेकरी ठेवतो. लुटला जातो तो लहान दुकानदार, भयभीत होते ती एकटी राहणारी म्हातारी. परंतु संपाचा हक्क काढून घेणाऱ्या समाजावर एक ऋण चढते. ज्याला ओरडण्याची मनाई केली, त्याचे हळू बोलणे ऐकण्याची व्यवस्था करणे, हे ते ऋण. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदल्या आणि बढत्यांसाठी आस्थापना मंडळे नेमण्याचा आदेश दिला. पण तीही वरिष्ठ अधिकाऱ्यांचीच. शिपायाच्या वेतनाचा आणि कामाच्या तासांचा निवाडा करण्यासाठी खर्च देणारा, हुकूम करणारा आणि राबणारा असे तिघेही समोर बसतील, असे त्रयस्थ पीठ हवे. त्याचा निर्णय सरकारवर बंधनकारक हवा, आणि त्यातून वाढणारा कर मुकाट्याने भरण्याची आपलीही तयारी हवी.

'हवालदार' या शब्दाचा मूळ अर्थ ज्याच्या हवाली काही केले आहे तो. आपण आपली घरे, आपली मुले, आपली रात्रीची झोप त्याच्या हवाली केली आहे. मग त्याचे घर कोणाच्या हवाली आहे, हे विचारण्याचे कर्तव्य आपले आहे. हा प्रश्न आपणापुढे ठेवून मी आपली रजा घेतो.