आतली गळती

आमच्या नंदुरबार-नवापूर भागात सुरतेच्या दोन ओळखी आहेत. वडीलधारी माणसे १६६४ ची शिवाजी महाराजांची स्वारी सांगतात आणि तरुण पोरे उधन्याच्या गाडीची वेळ विचारतात. मी त्या पोरांपैकी एक. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. तिथून गाडीत बसलो, उधन्याला उतरलो आणि नोकरीची सारी वर्षे तिकडचाच होऊन राहिलो.

सुरतेचा इतिहास लिहिणारे वखारी, जरी आणि हिरे यांबद्दल लिहितात. मी हा इतिहास पाहिला तो दोन तळहातांवर मावेल एवढ्या एका पोलादी ठोकळ्यातून. त्याला मीटरिंग पंप म्हणतात. कृत्रिम धागा कातणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या पोटात तो असतो, आणि धागा किती जाड निघायचा हे तोच ठरवतो.

क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघा इंग्रजांनी १८९२ मध्ये लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोज तयार करण्याची रीत शोधली. पुढे त्यातून रेयॉन आले. आपल्याकडे १९५० मध्ये त्रावणकोर रेयॉन्सने रेयॉन कातायला सुरुवात केली. कल्याणजवळ मोहोने-शहाडला कारखाने झाले आणि १९५८ मध्ये सुरतेजवळ उधन्याला बडोदा रेयॉनची स्थापना झाली. त्यानंतर नायलॉन आले, पॉलिएस्टर आले आणि १९८० नंतर तर सुरतेच्या आसपास पॉलिएस्टर कातणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले. त्यांचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपात मी फिटर होतो.

पंपाची कल्पना मात्र फार जुनी. ग्रहांच्या गतीचे नियम सांगणाऱ्या केप्लरने सतराव्या शतकाच्या आरंभी, खाणीतले पाणी उपसावे म्हणून, दोन दातेरी चाके एकमेकांत गुंतवलेला बिनझडपेचा पंप योजला होता. आमचा पंप त्याचाच वंशज. दातांच्या खाचांत वितळलेले पॉलिमर भरते, चाके फिरतात आणि एका फेऱ्याला ठरलेले माप पुढे जाते.

हिशेब साधा आहे. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. (हा डेनियर आणि आपल्याला ठाऊक असलेला दिनार ही एकाच रोमन नाण्याची लेकरे!) मिनिटाला ३००० मीटर वेगाने १२६ डेनियरचा धागा काढायचा तर मिनिटाला ४२ ग्रॅम पॉलिमर हवे. पंप एका फेऱ्याला २.४ सीसी देणारा असेल तर मिनिटाला सुमारे १५ फेरे पुरतात.

पण हा झाला कागदावरचा हिशेब. चाके फिरायची तर चाक आणि बाजूची प्लेट यांत काही मायक्रॉनांची फट ठेवावीच लागते. पुढे दाब जास्त, मागे कमी. त्यामुळे थोडा माल त्या फटीतून आतल्या आत मागे येतो. याला आम्ही स्लिप म्हणत असू. बाहेरची गळती जमिनीवर दिसते, कोणीही फडका घेऊन धावतो. ही गळती बाहेर थेंबही पडू देत नाही.

बारीक नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा नियम १८४० च्या दशकात प्वाझय नावाच्या फ्रेंच वैद्याने मांडला. त्याला रक्ताभिसरणाचे कोडे सोडवायचे होते. सपाट फटीचा नियमही त्याच कुळातला. दाबाचा फरक वाढला की गळती वाढते, द्रव दाट असला की घटते. आणि फट दुप्पट झाली तर गळती आठपट, चौपट झाली तर चौसष्टपट! वितळलेले पॉलिमर फार दाट असते म्हणून चांगल्या पंपात स्लिप नगण्य राहते. एक ओरखडा मात्र सारे बिघडवतो.

स्लिप पुरती बंद करता येत नाही. तिची भरपाई करावी लागते. पंपाच्या आधीचा दाब स्थिर राखायचा, म्हणजे गळतीही स्थिर राहते. तापमान हलू द्यायचे नाही. आणि मग जेवढी तूट, तेवढे फेरे वाढवायचे. अडचण अशी, की त्या काळच्या पुष्कळ यंत्रांत सगळ्या पंपांच्या मोटरींना एकाच इन्व्हर्टरची वीज असे. एकाचे फेरे वाढवले की सगळ्यांचे वाढत. म्हणून प्रत्येक पंप आधी तेलावर चाचणी घेऊन, सारखे सारखे निवडून बसवायचे, हाच खरा उपाय. १०० फेऱ्यांना २४० सीसी यायला हवे. आमच्या बाकावर दाबाखाली २३६ च्या वर आले तर पंप पास. पॉलिमरपेक्षा तेल पुष्कळ पातळ, त्यामुळे तेलावर दोष मोठा होऊन दिसे.

१९९४ च्या उन्हाळ्यात एका कारखान्याची जीप दारात उभी होती. पंप उघडला होता, साफ केला होता, प्लेटा घासल्या होत्या. चाचणीचा बाक रिकामा नव्हता. मी पंप न फिरवताच रजिस्टरात २३८ लिहिले.

तीन आठवड्यांनी रंगवलेल्या कापडात आडवे पट्टे उमटल्याची तक्रार आली. कारखान्यात धाग्याचे वजन तपासले तर सरासरी बरोबर! कारण सरासरी कमी आली तेव्हा त्यांनी सगळ्यांचेच फेरे किंचित वाढवले होते. बाकीचे धागे जाड झाले, माझ्या पंपाचा बारीकच राहिला, आणि कागदावर सगळे जुळले. मग बॉबिनी उतरवणाऱ्या पोराने दोन लॉट मिसळले असे ठरले. पोरगा आमच्याच बाजूचा, तळोद्याकडचा. त्याला काढून टाकले.

पंप परत आला तेव्हा मी तो बाकावर चढवला. २२६. प्लेटेवर केसाएवढा ओरखडा होता. आमचे वस्ताद गुजराती, त्यांनी रजिस्टर पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, “चोर घरमां ज छे, भाई.”

मी दुसऱ्या दिवशी त्या पोराकडे जाणार होतो. दुसऱ्या दिवसाचा आठवडा झाला. सप्टेंबरात प्लेगची बातमी पसरली आणि लाखो माणसांनी सुरत सोडली. लिंबायतमधल्या त्याच्या खोलीशी मी पोहोचलो तेव्हा दाराला कुलूप होते. पुन्हा तो कधी भेटला नाही. कारखान्यात जाऊन मी सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, चहा दिला.

पुढे तंत्र बदलले. काही नव्या यंत्रांत प्रत्येक पंपाला स्वतंत्र मोटर आणि स्वतंत्र वेग असतो. एकाची तूट दुसऱ्याच्या माथी मारावी लागत नाही. वर्कशॉपात आम्ही प्रत्येक पंपावर क्रमांक कोरला, आणि बाकावरून उतरल्याशिवाय आकडा लिहायचा नाही असा नियम केला. तो निवृत्तीपर्यंत मी पाळला.

ते रजिस्टर वस्तादांनी जाताना मला दिले. त्यातला २३८ मी खोडला नाही. त्याखाली २२६ लिहिले, खरी चाचणी केली ती तारीख घातली आणि पुढे सही केली.