रस्सा चढाला, टो-बार उताराला

गेल्या आठवड्यात वाईहून एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. हवालदार म्हणून निवृत्त झाला, आता भिलारला वाटणीतल्या रानात स्ट्रॉबेरी करतो. फौजेच्या लिलावातून निघालेली एक जोंगा त्यानं घेतली आहे.

"साहेब, पेट्रोल काही परवडत नाही. लिटरला चार किलोमीटर कशीबशी देते. मेकॅनिक म्हणतो, डिझेल इंजिन बसवून देतो, मग मागं क्रेटचा ट्रेलर लावा आणि पसरणीचा घाट रोज करा. बसवू का?"

मी एकच विचारलं, "भरलेला ट्रेलर घाट चढणार की उतरणार?"

"उतरणार. माल खाली वाईला आणायचा. वर जाताना रिकामे क्रेट."

"मग दोन दिवस थांब. लिहून कळवतो."

त्याला चार ओळी लिहायला बसलो आणि आपल्या फौजेच्या गाड्यांचा साठ-सत्तर वर्षांचा पट डोळ्यांसमोर आला. ओझं ओढायला पेट्रोल की डिझेल, हा प्रश्न काही त्या हवालदाराचा एकट्याचा नाही. म्हणून हे इथंच लिहितो.

आपल्या आजोबांच्या पिढीला हा प्रश्न फारसा पडलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात चौथी आणि पाचवी भारतीय डिव्हिजन उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढत होत्या, तेव्हा फौजेच्या बहुतेक गाड्या पेट्रोलच्या होत्या. पंचवीस-पाउंडर तोफ ओढणारी मॉरिस क्वॉडसुद्धा पेट्रोलचीच. इंजिन चार सिलिंडरचं, ताकद सत्तर हॉर्सपॉवर. मागं दारूगोळ्याची लिंबर आणि तिच्या मागं दीड टनाहून जड तोफ. आजच्या हिशेबानं ही ताकद अगदीच बेताची, पण गिअर खालचे आणि चारही चाकांना जोर, म्हणून काम निभावे.

खरी डोकेदुखी इंधन पोहोचवण्याची होती. ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे चार गॅलनचे डबे गळायचे आणि बरंच पेट्रोल वाटेतच वाळूत जायचं. जर्मनांचा वीस लिटरचा भक्कम डबा हाती लागला, तेव्हा त्याची सरळ नक्कल केली गेली. जर्मन म्हणजे 'जेरी', म्हणून तो जेरीकॅन. आजही प्रत्येक युनिटच्या स्टोअरमध्ये तो त्याच नावानं नोंदलेला असतो. युद्धात गाडी किती ओढते यापेक्षा तिला प्यायला किती लागतं आणि ते पुढं कसं न्यायचं, हा हिशेब मोठा असतो.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट जबलपूरची. माझं तिथं पोस्टिंग झालं तेव्हा मला एका गोष्टीचं नवल वाटलं होतं. एकाच शहरानं फौजेला डिझेलही दिलं आणि पेट्रोलही. १९५९ पासून तिथल्या गन कॅरेज फॅक्टरीत जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यानं शक्तिमान ट्रक बनू लागला. तो डिझेलचा. पुढं जपानच्या निसानच्या परवान्यानं वन-टन आणि जोंगा या गाड्या आल्या. त्या पेट्रोलच्या. १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि हे सगळं काम तिकडं गेलं. जोंगा हे नाव जपानी वाटतं, पण ते 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली'च्या आद्याक्षरांचं आहे.

शक्तिमानच्या वंशावळीत आणखी एक गंमत आहे. रुडॉल्फ डिझेलनं आपलं इंजिन १८९३ ते १८९७ या काळात जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या कारखान्यात घडवलं. तोच कारखाना पुढं मान कंपनीचा भाग झाला. म्हणजे आपला थ्री-टनर थेट डिझेलच्या माहेरचा!

आता दोन्ही इंजिनांचा स्वभाव. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल आधी मिसळतात आणि ठिणगीनं पेटतात. मिश्रण अवेळी पेटू नये म्हणून ते बेतानंच दाबावं लागतं. त्या काळी सात-आठ पट. डिझेलमध्ये नुसती हवा सोळा ते वीस पट दाबतात. त्या दाबानंच ती इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. जास्त दाबामुळं त्याच इंधनातून जास्त काम निघतं, शिवाय एक लिटर डिझेलमध्ये मुळातच पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांच्या वर ऊर्जा जास्त. इंजिन दणकट, जड आणि कमी फेऱ्यांतच जोर देणारं. जड ओझं जागचं हलवायला हेच लागतं. पेट्रोलचं इंजिन हलकं, चपळ, थंडीत लवकर सुरू होणारं, पण ओझं लावलं की फेऱ्या वाढवून मागतं आणि मग टाकीतला काटा बघवत नाही.

दुसरा फरक आगीचा. शून्याखाली चाळीस अंशांनासुद्धा पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. थंड डिझेल उघड्यावर काडीनं पेटवणं अवघड. ज्यानं जेरीकॅन भरलेल्या गाडीत बसून गोळाबारी सोसली आहे, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

एवढं वाचून कुणीही म्हणेल, मग डिझेलच घ्या! मीही तरुणपणी असंच म्हणायचो. तो भ्रम जोजिलावर उतरला.

१९९१ चा सप्टेंबर. मी ईएमईत नवा मेकॅनिक होतो. द्रासकडून श्रीनगरला येताना गुमरीच्या अलीकडं आमची जोंगा बसली. फ्युएल पंपाचा डायफ्रॅम फाटला होता आणि जवळ दुसरा नव्हता. खिंड साडेअकरा हजार फुटांवर. तिथं हवा विरळ, त्यामुळं साध्या इंजिनाची साधारण एक तृतीयांश ताकद आधीच गेलेली असते. मागून आमच्याच कॉन्व्हॉयचा शक्तिमान आला. चालवणारा गढवाली नाईक, वीस वर्षांचा मुरलेला. आम्ही सगळे त्याला उस्ताद म्हणायचो. ट्रकमध्ये वायर रोप होता, टो-बार नव्हता.

मी म्हणालो, "उस्ताद, रस्सा बांधा आणि चला. डिझेल आहे, दोन जोंगा ओढेल."

त्यानं बिडी विझवली. "खींचेगा तो सही. चढाई पे रस्सा ठीक है. उतराई पे रस्सा क्या करेगा?"

मला कळलं नाही. मग त्यानं दोन्ही हातांत रश्श्याचं टोक धरून दाखवलं. रस्सा ओढतो, पण ढकलणाऱ्याला अडवत नाही. जोजिलाचा माथा ओलांडला की बालतालपर्यंत रस्ता कड्याला धरून खाली उतरतो. बंद गाडी मागून धावत आली की रस्सा सैल पडणार आणि दोन टनांची जोंगा ट्रकच्या मागच्या फळीत घुसणार, नाहीतर वळणावर बाहेर जाणार. खाली काय आहे ते बघायची गरज नव्हती.

"मेरा यार ऐसे ही गया," एवढंच तो म्हणाला. कोण, कुठं, कधी, मी विचारलं नाही.

आम्ही कॉन्व्हॉय पुढं जाऊ दिला आणि चार तास त्या वाऱ्यात बसलो. रिकव्हरीवाल्यांनी टो-बार आणला, मग निघालो. स्टिअरिंगवर मी. जोंगाचं इंजिन मेलेलं, म्हणून आधाराला फक्त माझा ब्रेक. उस्ताद वरपासून खालपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये राहिला, एकदाही वर गेला नाही. तरीही मी घाबरून पेडल दाबत राहिलो. निम्म्या वाटेत ड्रमचा जळका वास येऊ लागला आणि पेडल मऊ लागायला लागलं. तापलेला ब्रेक हळूहळू सोडून देतो, हे पुस्तकात वाचलं होतं. ते पायाला कळलं त्या दिवशी. बार होता म्हणून ट्रकनं मला धरून ठेवलं. बालतालला उतरल्यावर उस्तादानं माझ्या चाकाजवळ हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. बोलला काही नाही, चहा मात्र त्यानंच पाजला.

ही तीच खिंड, जिथं १९४८ च्या नोव्हेंबरात जनरल थिमय्यांच्या हुकमानं स्टुअर्ट रणगाडे चढवले गेले आणि लेहचा रस्ता मोकळा झाला. चढाईचा इतिहास सगळ्यांना पाठ असतो. उतार मात्र रोज ड्रायव्हर उतरतात आणि तो कुठं लिहिला जात नाही.

पुढं फौजेनं काय निवडलं? जड कामाला डिझेल, हे पक्कं झालं. शक्तिमाननंतर जबलपूरहूनच स्टॅलियन आणि टाटाचा अडीच टनी ट्रक आले, दोन्ही डिझेलचे. बोफोर्ससारखी बारा टनांच्या पुढची तोफ तर पेट्रोलवर ओढायचा कुणी विचारही करणार नाही. पण हलक्या कामाला जोंगाच्या जागी आलेली जिप्सी पुन्हा पेट्रोलचीच होती, कारण तिथं हलकेपणा आणि थंडीतली पहिली किक महत्त्वाची. लडाखच्या हिवाळ्यात साधं डिझेल टाकीत मेणासारखं गोठतं. पहाटे इंजिनाखाली शेगडी धरून बसलेले कितीतरी जण हे वाचत असतील. उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल इंडियन ऑइलनं आणलं ते २०१९ मध्ये. त्याआधी, २०१७ मध्ये, फौजेनं तीन हजारांवर सफारी स्टॉर्म मागवल्या, त्या डिझेलच्या. म्हणजे हलक्या गाडीलाही डिझेल यायला एवढी वर्षं लागली. फौजेनं एक इंधन चांगलं आणि दुसरं वाईट असं कधी ठरवलं नाही. काम काय, उंची किती, थंडी किती, इंधन कुठून येणार आणि बिघडलं तर कोण दुरुस्त करणार, हे पाहून तिनं गाडी घेतली.

आता हवालदारसाहेब, तुमचं उत्तर.

तुमचा भार उतरणीचा आहे, म्हणून इंजिनाचा विचार दुसरा. पेट्रोल गाडीत पाय काढला की थ्रॉटल बंद होतो, इंजिनाला हवा ओढायला जोर पडतो आणि तेच इंजिन गाडी धरून ठेवतं. साध्या डिझेलमध्ये तसा थ्रॉटल नसतो, हवा मोकळी आत येते, म्हणून पकड त्या मानानं कमी. म्हणूनच मोठ्या ट्रकना एक्झॉस्ट ब्रेक लावतात. मेकॅनिक जे इंजिन बसवणार आहे त्याला तो असणार नाही. वर ते जड इंजिन पुढच्या स्प्रिंगांवर आणि त्याच जुन्या ड्रम ब्रेकवर बसणार. डिझेलचे पैसे वाचतील हे खरं, पण घाटात ते इंजिन तुम्हाला मूळ इंजिनाइतकं अडवणार नाही.

तेव्हा पहिला खर्च ट्रेलरच्या स्वतःच्या ब्रेकवर. दुसरा जोंगाच्या लायनिंगवर आणि ब्रेकच्या नळ्यांवर. भार ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढं ठेवा, साधारण एक दशांश वजन हुकावर यावं, नाहीतर ट्रेलर शेपटासारखा हलतो. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी घाट चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरा. एवढं झाल्यावर पैसे उरले, तर इंजिन बदला आणि आरटीओत त्याची नोंद करून घ्या.

हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साहेब, ट्रेलरला ब्रेक नाहीच आहे."

"मग उद्या नेऊ नकोस."

"उद्याचा माल तोडून ठेवलाय."

"टेम्पो कर. भाडं मी देतो."

हसला. भाडं त्यानं घेतलं नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पोत भरलेल्या क्रेटचा फोटो पाठवला. मागं अंगणात जोंगा उभी दिसते आणि तिच्या चारही चाकांखाली दगड आहेत.

जय हिंद!