कापडावरची निळी फुले

आमच्या वर्गात हल्ली कापडावर छापलेल्या फुलांच्या छायाचित्रांत ओल्या खडूंनी रंग भरतात. त्या छपाईचे मूळ, भगिनींनो, १८४२ सालचे आहे. सर जॉन हर्शेल यांनी लोहाच्या क्षारांची रीत काढली : कागदाला वा सुती कापडाला द्राव लावून वाळवायचा, वर फूल ठेवून उन्हात धरायचे आणि पाण्याने धुवायचे. फुलाची जागा पांढरी राहते, बाकी गडद निळे. कॅमेरा लागतच नाही!

याच रीतीने इंग्लंडच्या अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून सागरी शेवाळांचा ग्रंथ सिद्ध केला. छायाचित्रांचा पहिला ग्रंथ तो हाच मानतात. पुढे १८५४ त मैत्रीण अ‍ॅन डिक्सन हिच्यासह फुलझाडे व नेचे छापले. शेवाळांच्या ग्रंथावर सही मात्र 'ए. ए.' एवढीच, पुढे एका अभ्यासकाने तिचा अर्थ 'अनामिक हौशी' असा लावला. मला याचा फार राग येतो. आमच्या वर्गात मी प्रत्येकीला कोपऱ्यात पुरे नाव घालायला लावते.

हाताने रंग भरण्याची चालही तितकीच जुनी. १८४० च्या दशकात चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यांवरील छायाचित्रांना रंगाची भुकटी लावीत. आपले खडू ओल्या कुंचल्याने सुरेख पसरतात, पण पुन्हा पाणी लागले की वाहतात. आणि धुण्याच्या सोड्याने निळा रंगही उडतो. तेव्हा असा रुमाल भिंतीवरच टांगावा.