पडदा-कुलूप व स्क्रीनसेव्हर

संगणक चालू ठेवून वापरणारी व्यक्ती जागेवरून उठल्यास परवलीचा शब्द दिल्याखेरीज इतरांस तो हाताळता येऊ नये, यासाठी केलेल्या व्यवस्थेस पडदा-कुलूप म्हणतात. काम काही वेळ थांबल्यावर पडदा काळा करणारा किंवा त्यावर हलती चित्रे दाखविणारा कार्यक्रम म्हणजे स्क्रीनसेव्हर होय. पहिल्याचा हेतू माहितीचे रक्षण, तर दुसऱ्याचा मूळ हेतू पडद्याचे रक्षण हा आहे. तथापि ही दोन्ही कार्ये अनेक प्रणालींत दीर्घकाळ एकत्र गुंफलेली होती.

उगम : ऋण किरण नलिकेच्या पडद्यावर एकच चित्र तासन्‌तास राहिल्यास आतील फॉस्फराचा लेप झिजून कायमचा डाग पडतो. तो टाळण्यासाठी जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीकरिता लिहिलेला छोटा कार्यक्रम डिसेंबर १९८३ मध्ये सॉफ्टॉक मासिकात प्रसिद्ध झाला. तीन मिनिटे कळफलक न वापरल्यास तो पडदा काळा करी. पुढे संगणक कार्यालयांत पोहोचले. मुंबईच्या साकीनाका परिसरातील गाळ्यांत व लहान कार्यालयांत एका यंत्रावर अनेकांचा हात पडणे हे नित्याचेच असते. अशा ठिकाणी उघडा राहिलेला हिशेब किंवा पत्रव्यवहार सहज वाचला जाऊ शकतो. काम थांबल्याची खूण दोन्ही कार्यांना सामाईक असल्याने स्क्रीनसेव्हरलाच परवलीचा शब्द जोडण्याची प्रथा रूढ झाली.

दोष : युनिक्स व लिनक्स संगणकांवर प्रचलित झालेल्या एक्स या खिडकी-प्रणालीत कुलूप हा इतरांसारखाच एक सामान्य कार्यक्रम असतो. तो आपली खिडकी सर्वांवर पसरतो आणि कळफलक व माऊस स्वतःच्या ताब्यात घेतो. मात्र तो बंद पडला, की त्याची खिडकी नाहीशी होऊन मागील काम उघडे पडते. उलटपक्षी, एखादी यादी उघडी असल्यास तिने कळफलक अडविलेला असतो व कुलूप लागतच नाही. शोभेच्या चित्रांचा व सजावटीचा भार कुलपावर पडल्यास बिघाडाची शक्यता वाढते. लिनक्स मिंटमध्ये जानेवारी २०२१ मध्ये याचा प्रत्यय आला : मुलांनी कळफलकावर व पडद्यावरील कळफलकावर वेड्यावाकड्या कळा दाबताच कुलूप कोसळून संगणक खुला झाला.

विलगीकरण : जेमी झविन्स्की यांच्या १९९२ मधील एक्सस्क्रीनसेव्हरमध्ये चित्रे दाखविणारे कार्यक्रम कुलपापासून स्वतंत्र चालत, त्यामुळे चित्र बिघडले तरी कुलूप टिके. २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत परवलीचा शब्द विचारणारा भागही वेगळा केला गेला. विंडोज एनटीने १९९३ मध्ये प्रवेशासाठी निराळा, संरक्षित पटल राखला होता. ग्नोमने २०१२ मध्ये कुलूप मुख्य आवरणात घेतले, तर केडीईच्या २०१४ च्या प्लाझ्मा ५ मधून जुने स्क्रीनसेव्हर वगळण्यात आले. एक्सच्या जागी येत असलेल्या वेलँडसाठी २०२२ मध्ये सत्र-कुलपाचा स्वतंत्र संकेत ठरला. त्यानुसार कुलूप लावणारा कार्यक्रम कोसळला तरी पडदा बंदच राहतो. कारण राखणदारी आता पडदा चालविणाऱ्या मूळ व्यवस्थेकडे असते.

महत्त्व : द्रव-स्फटिक पडद्यांवर कायमचा डाग सहसा पडत नाही, त्यामुळे स्क्रीनसेव्हर मुख्यतः शोभेपुरता उरला. कुलपाची गरज मात्र वाढली. परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात प्रवेश करणे भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली भरपाईस पात्र आहे. परंतु कायद्याचा इलाज घटनेनंतरचा असतो. राखणदार बेशुद्ध पडला तरी दार मिटलेलेच राहावे, हे तत्त्व विलगीकरणाच्या मुळाशी आहे.